सीटवरचं प्लास्टिक

तिलक नगरमध्ये आमच्या समोर राहणाऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. दर रविवारी सकाळी त्या नवऱ्याची जुनी, लांबलचक, महागडी गाडी बाहेर काढत, पदराने बॉनेट पुसत आणि बिर्ला मंदिरापर्यंत फेरी मारून येत. "खड़ी-खड़ी बैटरी मर जाती है," म्हणायच्या.

गाडी फारशी फिरलेलीच नव्हती. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिकसुद्धा तसंच होतं. चांगल्या प्रसंगाला काढू, असं यजमान म्हणायचे. प्रसंग येण्याआधी तेच गेले. ते मेलं करकरणारं प्लास्टिक मला बघवत नसे.

परवाच्या रविवारी ते फाटकाशी गुंडाळून टाकलेलं दिसलं. बाईंनी गाडीचं दार उघडून मला हाक मारली, "आओ जी, बैठो."

"आज क्या खास है?" मी विचारलं.

"इतवार है ना," म्हणत त्यांनी चावी फिरवली.