गेमची नवी बॉडी

भावाचा गेम बिघडलाय हे मला आधी त्याच्या मनगटावरून कळलं. कामावरून घरी आले तर तो बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसलेला, आणि मनगटावर दातांचे ताजे व्रण. आई शेजारी हळद घेऊन बसली होती. "पडद्यावर रेघा आल्यात गं," ती म्हणाली. "सकाळपासून चावतोय स्वतःला."

माझा भाऊ पस्तिशीचा आहे आणि जन्मापासून तो मोजकंच बोलतो. त्याला काय झालंय त्याचं नाव डॉक्टरांनी आम्हाला फार उशिरा सांगितलं. तोवर घाटकोपरच्या आमच्या वस्तीनं आपापली नावं ठेवून झाली होती. लहानपणी मामानं दुबईहून हातात मावेल असा एक करडा व्हिडिओ गेम आणला, आणि त्यानंतर आमच्या घरात जरा शांतता आली. त्यात एकच खेळ आणि एकच धून. जिंकण्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पहिला टप्पा संपला की बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. एका कोपऱ्याचा टवका उडाला होता, तिथं अंगठा घासत बसायचा. मागचं बॅटरीचं झाकण केव्हाच हरवलेलं, त्या जागी आईनं चिकटपट्टी लावलेली.

आता पडदा काळा पडला होता. सगळे सांगायचे, नवीन मोबाइल घेऊन द्या की, त्यात हजार गेम येतात. सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं! दिला होता आम्ही मोबाइल. त्यानं तो खिडकीतून खाली टाकला.

मी गेम पर्समध्ये घालून दुकानं पालथी घालू लागले. घाटकोपर स्टेशनजवळचा एक जण हसून म्हणाला, "ताई, म्युझियममध्ये ठेवा हा." दुसऱ्याला ते तीन पाकळ्यांचे स्क्रू उघडेनात. साध्याच पेचकसानं तो खाटखूट करायला लागला, तेव्हा मी गेम त्याच्या हातातून ओढून घेतला. "राहू दे रे, वाट लावशील त्याची." शेवटी मेट्रोनं अंधेरीला गेले. तिथल्या एका दुरुस्तीवाल्यानं तो नीट उघडला, आत फुंकर मारली आणि सांगितलं की बोर्ड ठीक आहे, पडदा गेलाय. असा पडदा आता बाजारात मिळत नाही. "तुम्ही कुठून पण पडदा आणा, बसवायची जबाबदारी माझी."

कुठून पण म्हणजे कुठून? भंगारवाले झाले, जुन्या टीव्हीवाले झाले. रविवार आला की मी बाहेर पडायचे. घरी आई भावाच्या हातांवर माझे जुने मोजे चढवायची, तो ते दातांनी काढायचा. मग भिंतीवर डोकं आपटणं सुरू झालं. खालचे शेजारी वर येऊन गेले. वाईट बोलले नाहीत, फक्त दारात उभं राहून आत बघत राहिले, आणि मला त्याचाच जास्त राग आला. एका रविवारी मी रिकाम्या हातानं परतले तेव्हा आई म्हणाली, "तुझ्याच्यानं होत नसेल तर सांग, मी जाते." तिला गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. मी तिच्यावर खेकसले आणि मग दोघी जेवलो. भाऊ जेवला नाही.

पडदा बोरिवलीत सापडला. ऑफिसातल्या एकीच्या ओळखीत जुने गेम जमवणारे एक गृहस्थ होते. काचेचं कपाट, आत ओळीनं गेम, धुळीचा कण नाही. त्यांच्याकडे तसलाच एक मेलेला गेम होता, बॅटरी गळून बोर्ड सडलेला, पण पडदा शाबूत. त्यांनी तेवढा पडदा काढून वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

"तुम्ही स्वतः खेळता?" त्यांनी विचारलं.

"नाही, भाऊ खेळतो."

"अरे वा! म्हणजे त्यांनाही जुन्या वस्तूंची आवड आहे."

"हो, फार," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

तशीच अंधेरीला गेले. एवढी घाई का, असं दुरुस्तीवाल्यानं विचारलं आणि मी, कधी कुणाला सांगत नाही ते, त्याला सांगून बसले. त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. "देवाची माणसं असतात ही," तो म्हणाला. हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. म्हणणाऱ्यांना देवाच्या चादरी धुवाव्या लागत नाहीत. पण पडदा त्याच्या हातात होता. मी मान हलवली.

पुढच्या रविवारी गेले तर तो माझीच वाट बघत होता. खोक्यातून त्यानं काढलं ते काहीतरी निळं, काचेसारखं आरपार दिसणारं, चकचकीत. बटण दाबलं. पडदा उजळला, धून वाजली.

"बॉडी पण नवीन टाकली ताई. एकदम झकास! बॉडीचे पैसे नकोत, आपल्याकडून भावाला."

जुनी बॉडी कुठे आहे, मी विचारलं.

"ती? ती तुटकी होती ना पार. कालच भंगारात गेली."

तो इतका खूश होता की मला ओरडता येईना. छान केलंत म्हणाले आणि पैसे देऊन निघाले. मेट्रोत बसल्यावर घराची किल्ली काढली आणि त्या निळ्या प्लास्टिकचा कोपरा खरवडायला लागले. समोरच्या बाईनं आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं. आमच्या जिन्यात थांबून मी तो भिंतीवर घासला, मागचं झाकण उपटून फेकून दिलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलेली चिकटपट्टी तिथं लावली. मग वर गेले.

भाऊ भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी गेम चालू केला. धून ऐकल्याबरोबर तो वळला. इतक्या दिवसांत त्याचा चेहरा तसा झाला नव्हता. आईनं माझा दंड घट्ट धरला. तो उठला, माझ्या हातातल्या गेमला वळसा घालून पुढं गेला आणि आपल्या उशीखाली शोधायला लागला. मग गादी उचलली, मग कपाटाच्या मागं हात घातला. धून येत होती, म्हणजे त्याचा गेम घरातच कुठंतरी असणार.

"अरे, हाच आहे तुझा," मी म्हणाले, आणि तो त्याच्या हातात दिला. त्यानं तो अंगठ्यानं चाचपला, वास घेतला आणि माझ्या हातात परत ठेवला.

"दुसऱ्याचा आहे," तो म्हणाला. "देऊन ये."

दुसऱ्याची वस्तू घ्यायची नाही, परत द्यायची, हे आईनं त्याला किती वर्षं शिकवलं होतं! लोकांच्या घरांतून, दुकानांतून वस्तू उचलायचा म्हणून मार खाऊन यायचा तो. हे एक त्याला पक्कं जमलं याचं आईला केवढं कौतुक. ती आता माझ्याकडे बघत नव्हती.

"देऊन ये," तो पुन्हा म्हणाला, आणि मी हलेना तसा मनगट तोंडाकडे न्यायला लागला. मी चपला घातल्या. बाहेर जिन्यात जरा वेळ उभी राहिले, गेम बंद करून पर्समध्ये तळाशी सरकवला आणि रिकामे हात घेऊन परत आले.

तो दारातच उभा होता. माझे दोन्ही हात त्यानं उलटेपालटे करून पाहिले.

"ताई," तो म्हणाला, "माझा आणलास?"