फोटोतले हात

जव्हारला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. एका दुपारी पोशेऱ्याहून आलेल्या बाईनं विद्यापीठाची जाहिरात माझ्यापुढं ठेवली. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, संशोधनासाठी तांत्रिक सहायक हवा होता.

"मावशी, पदवी लागते," मी म्हटलं.

तिनं पिशवीतून नागलीची दोन कणसं काढली. "ही हळवी, लवकर येते. ही गरवी, उशिरा येते. साहेब लोक दरसाल माझ्याच घरी येती. चुलीवर धुरात टांगलेलं बियाणं मीच त्यांना वळखून देते."

मग तिनं विद्यापीठाच्या पुस्तिकेचं घडी घातलेलं पान उलगडलं. फोटोत नागली धरलेले दोन हात, खाली छापलेलं 'स्थानिक महिला'.

"हे हात माझेच हायेत. कागद पायजे ना त्यांना? हा जोड."

माझं डोकंच फिरलं. फुकटात शिकून जातात आणि वर हिच्याकडंच पदवी मागतात! साधं नाव छापायला काय शाई संपली होती? मी तोंडाला येईल ते बोलत सुटलो. ती मात्र फॉर्म न भरताच कणसं पिशवीत ठेवून निघून गेली.

तेव्हापासून भेटेल त्याला हे तावातावानं सांगतोय. काल एकानं विचारलं, "कोण होती रे ती?"

"पोशेऱ्याची एक बाई," म्हणालो आणि जीभ चावली. नाव मीही विचारलं नव्हतं.