बिनखिळ्याचं घर

गल्लीत सगळे त्याला सुतार म्हणूनच हाक मारत. हयात त्याची दुसऱ्यांच्या भिंतींत खिळे मारण्यात गेली. फळ्या, आरसे, पडद्यांचे दांडे, गेलेल्यांच्या तसबिरी. बोटाच्या पेराने भिंत वाजवली की आत वीट आहे की नुसता पोकळ पत्रा, हे त्याला कळायचं. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या स्वतःच्या दोन खोल्यांत भिंतीला एक खिळा नव्हता.

आरसा जमिनीवर, भिंतीला टेकवलेला. भांग पाडायचा तर वाकायचं. कपडे खुर्च्यांच्या पाठीवर, घड्याळ कपाटावर उताणं. वडिलांचा फोटो पिठाच्या डब्यावर. डबा उघडायचा म्हणजे आधी वडिलांना उचला. बायको म्हणायची, "मामंजी जिवंतपणी एवढे हलले नसतील."

नियम आजोबांचा. तिकडचं घरदार सोडून बायकापोरांसकट ते इथं आले आणि त्यांनी घरात सांगून टाकलं, की आपण इथले नाही. आज ना उद्या परत जायचं. खिळा मारला की माणूस भिंतीचा होतो. आजोबा गेले, मागोमाग वडील गेले, घरं बदलली. परत मात्र कोणी गेलं नाही. सुताराने ते घर कधी पाहिलं नव्हतं, पण त्याला ते पाठ होतं. उतारावर होतं. दुपारनंतर मागच्या खोलीत उजेड यायचा. दाराची खालची बिजागरी ढिली होती, त्यामुळे दार जरा उचलून उघडावं लागे. त्या दारामुळे या कुटुंबातलं प्रत्येक माणूस कुठलंही दार उघडताना ते किंचित वर उचलायचं. वडील उचलायचे. सुतार उचलायचा, अगदी त्याने स्वतः बसवलेलं नवंकोरं दारसुद्धा. गिऱ्हाईक विचारायचं, "का हो, अडकतंय का?" तो म्हणायचा, "नाही, सवय आहे."

मग आई न्हाणीघरात पडली.

हाड मोडलं नाही, पण एक बाजू काळीनिळी झाली आणि तिच्या डोळ्यांत भीती बसली. आंघोळीला जायचं म्हटलं की ती आधी दारात उभी राहून ओल्या फरशीकडे बघत राहायची.

"भिंतीला धरायचा दांडा लावा," बायको म्हणाली. "लोकांच्या म्हाताऱ्यांना लावून देता ना?"

"आई नको म्हणते."

"त्या नको म्हणणारच. पुन्हा पडल्या तर उठायच्या नाहीत, एवढं लक्षात ठेवा."

आई आतून म्हणाली, "मला ऐकू येतंय हो. पाय घसरला माझा, कान शाबूत आहेत."

तिला बघायला आत्या आली. आजोबांची मुलगी, इथं आली तेव्हा फ्रॉकातली होती, तिकडचं घर डोळ्यांनी पाहिलेली तेवढीच एक उरली होती. चहा घेता घेता तिने विचारलं, "वहिनी, धरायला काही लावून का घेत नाहीस?"

"वन्सं, तुम्हीच विचारता? मामंजींचा नियम ना."

आत्याने कप खाली ठेवला. "नियम कसला डोंबलाचा. आमच्या पहिल्या खोलीचा घरमालक, त्याचा तो नियम. आल्या दिवशी बाबांनी सदरा टांगायला खिळा मारला. आवाज ऐकून तो वर आला. जिन्यात सगळी माणसं उभी, आणि त्याने बाबांना तो खिळा उपटायला लावला. भोक साबणाने बुजवायला लावलं. आम्ही पोरं बघत होतो. संध्याकाळी बाबा म्हणाले, आपणच मारत नाही खिळे, आपल्याला कुठं इथं राहायचंय." तिने कप पुन्हा उचलला. "तोवर परत जायचं नाव कोणी काढलं नव्हतं. तिकडं जायला काही उरलंच नव्हतं."

सुतार दाराशी उभा होता. त्याने आईकडे पाहिलं. आईला नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"सासूबाईंनी सांगितलं होतं. लग्न होऊन आले तेव्हाच."

"मग इतकी वर्षं?"

"मामंजी खुर्ची टाकून दारात बसायचे. त्यांच्या देखत कोण ठोकणार? मग तुझे वडील. ते तर बापाच्या वरताण." आईने पांघरूण नीट केलं. "ते गेल्यावर वाटलं, तुला हवं असेल. तू त्या घराचं बोलायचास तेव्हा तोंड कसं फुलायचं तुझं. म्हटलं, राहू दे पोराला."

"मी तर तुझ्यासाठी पाळत होतो."

"घ्या," बायको म्हणाली. "आणि मी तुम्हा दोघांसाठी आरशापुढे वाकत होते."

आत्या हसली. आईही हसली, कूस दुखते म्हणून हात दाबून. "मग मार आता," ती म्हणाली. "कोणी अडवलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने न्हाणीघराच्या भिंतीवर पेर वाजवलं. भरीव वीट होती, चांगली. आईच्या हाताच्या उंचीला पेन्सिलीने खूण केली. ड्रिल उचललं, टोक खुणेवर टेकवलं.

बोट दाबेना. त्याला उतारावरचं घर दिसत होतं, मागच्या खोलीतला उजेड, ते लोंबतं दार. घर खरंच होतं, आत्या तिथं खेळली होती. खोटं होतं ते फक्त परत जाणं, आणि त्या खोट्याच्या आत तो मोठा झाला होता. आजोबांना निदान मनाई करणारा होता, वडिलांना आजोबा होते. त्याला कोणीच नव्हतं. बाहेर आई आणि बायको वाट बघत होत्या. कोणी अडवत नव्हतं, आणि हात पुढे जात नव्हता.

ड्रिल खाली ठेवून तो लाकडं घेऊन आला. जमिनीपासून छतापर्यंत चार खांब, मधे आडवे दांडे, आणि सगळं वरून पाचरी ठोकून घट्ट दाबलेलं. भिंतीला ओरखडासुद्धा नाही. काम देखणं झालं होतं. आई आत जाऊन उभी राहिली, दोन्ही बाजूंचे दांडे धरले, आणि दांड्यांमधून त्याच्याकडे बघत म्हणाली, "पिंजरा छान केलास."

"उचलून न्यायला सोपा पडेल, नाही?" बायको म्हणाली.

लाकूड पाण्याने फुगतं, वाळलं की आकसतं, आणि पाचरी ढिल्या पडतात. दुसऱ्याच आठवड्यात एक खांब आईच्या हातात सरकला. तेव्हापासून आई आंघोळीला गेली की सुतार बाहेर हातोडी घेऊन उभा असतो. सकाळची कामं त्याने सोडली आहेत. रोज आधी आत जाऊन तो पाचरी ठोकतो, एकेक खांब हलवून बघतो. पेन्सिलीची खूण तिथंच आहे, पुसलेली नाही. तिच्याकडे न बघता तो बाहेर येतो.

"झालं का रे?" आई विचारते.

"ये."

ती दार जरा वर उचलते, आणि आत जाते.