विहाराच्या फळ्यावरची दुरुस्ती

निवृत्त झाल्यावर लोक गुडघे शेकतात, नातवंडं सांभाळतात. मी फळा लिहायला घेतला. धानोऱ्यात आमचं बुद्धविहार बाजाराकडे तोंड करून आहे, आणि त्याच्या भिंतीला सिमेंटचा एक काळा फळा आहे. पूर्वी त्यावर वंदनेची वेळ आणि वर्गणीची आठवण एवढंच असायचं. मी त्यावर दूरच्या युद्धाच्या बातम्या लिहू लागले.

याला कारण माझा राग. बाजारात चार पोट्टे मोबाइलवर एका शहरावर बॉम्ब पडतानाचा व्हिडिओ बघत होते आणि त्याला मागून डीजेचं गाणं लावलेलं होतं. मी विचारलं, हे शहर कुठल्या देशात आहे रे? एकालाही सांगता येईना. त्यातले दोघं माझ्याच हाताखाली भूगोल शिकून गेलेले. मला इतकं वाईट वाटलं, की घरी जाऊन खडूचा डबा काढला.

त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. तेव्हापासून एवढ्या ठिकाणी लढाया पेटल्या आहेत, की वाचणाऱ्यानं मनात येईल ते नाव घालावं.

रोज सकाळी रेडिओ, दोन वर्तमानपत्रं आणि चष्मा लावून मोबाइल, एवढं झाल्यावर मी पाच ओळी लिहायची. दोन ठिकाणी वाचल्याशिवाय एक अक्षर नाही. 'खळबळ', 'हाहाकार' असले शब्द नाहीत. मेलेल्यांचा आकडा कोणी सांगितला, हे लिहिल्याशिवाय आकडा नाही. क्रिकेटचा स्कोअर हवा म्हणून पोरांनी फारच भुणभुण केली, तेव्हा उजवा कोपरा त्यांना देऊन टाकला. स्कोअर बघता बघता युद्धावर नजर जायची, हा माझा फायदा.

पुढे रविवारच्या वंदनेनंतर आम्ही काही बायका त्या फळ्यासमोर दहा मिनिटं गप्प उभ्या राहू लागलो. हातात पुठ्ठे, त्यावर 'युद्ध नको'. समोरचा किराणावाला हसायचा. एकदा म्हणाला, "बाई, तुमी इथी उभं राह्यल्यानं तिथी बॉम्ब थांबन काय?"

"नाई थांबन," मी म्हटलं. "पन तुमी गल्ल्यावर बसल्यानं थांबून राह्यला काय?"

त्यानंतर तो हसायचा थांबला. पुढे पुढे दहा मिनिटं दुकानातला टीव्हीही बंद ठेवू लागला. आमच्या चळवळीचं हे पहिलं यश, आणि मी ते चारचौघींत पुष्कळ मिरवलं.

बाजाराच्या दिवशी फळ्याच्या अगदी समोर एक म्हातारी बसायची. आत जंगलातल्या एका गावाहून यायची. मोसमाप्रमाणे मोह, चारोळी, चिंच असं पुढ्यात मांडायची. तिला वाचता येत नव्हतं, पण फळा तिला सोडवत नव्हता. "जोहार बाई. आज काय लिवलं?" असं विचारायची आणि मी पाचही ओळी वाचून दाखवायची. तिचे प्रश्न वेगळेच असायचे. मी म्हणायची, सैन्य पुढे सरकलं. ती विचारायची, मंग गावातले ढोरं कोनं सोडले? मी म्हणायची, पूल पडला. ती विचारायची, बाया पान्याले कुठून जात असन? माझ्या दोन वर्तमानपत्रांत आणि रेडिओवर यातलं काहीच नसायचं. मी वरमायची आणि मग उगाच चिडायची.

एवढं ती का विचारते, हे मला नंतर कळलं. एके काळी तिचं गावही दोन बंदुकांच्या मधे सापडलं होतं. एकीकडचे येऊन भात खाऊन जायचे आणि दुसरीकडचे येऊन भात का दिला म्हणून विचारायचे. शेवटी गाव उठलं आणि बरेच महिने नातेवाइकांच्या ओसरीत राहिलं. ती हे एकदाच बोलली, चिंचेचे चिंचोके काढता काढता.

धान निघून गेलं होतं, थंडी होती. फळ्यावर मी लिहिलं, की अन्नाचे ट्रक सीमेवर अडवून ठेवले आहेत आणि मुलं उपाशी आहेत. वाचून दाखवलं. पुढच्या बाजाराला तिनं एक गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. तिच्या गावच्या प्रत्येक घरातून एकेक मूठ तांदूळ, हातसडीचा, लालसर.

"त्या लेकराइले पाठव."

तो तांदूळ बघून आमच्या बायका पेटल्याच. घरोघर फिरून मूठमूठ गोळा केली. विहाराच्या मागच्या खोलीत पोत्याला पोतं लागलं. मी सगळ्यांसमोर छाती पुढे काढून सांगितलं, हे तांदूळ पोचवायची जबाबदारी माझी. तांदूळ दुसऱ्या देशात जातात कसे, याचा विचार मी केलाच नव्हता. जन्मभर नकाशावर काठी फिरवली, की असं होतं.

मग सुरू झाली माझी वारेमाप धावपळ. मोठ्या संस्थांना फोन केले. सगळे गोड बोलायचे आणि सांगायचे, मॅडम, धान्य घेत नाही. सरकारी कार्यालयात म्हणाले, अशी तरतूद नाही. पोस्टातला माणूस बिचारा खरंच हळहळला. म्हणाला, "बाई, तिथलं पोस्टच बंद हाय. देशच बंद हाय म्हना ना." विकून टाकू आणि पैसे पाठवू, असंही मी सुचवून पाहिलं. म्हातारी म्हणाली, "विकाले नाई देल्लं. खाले देल्लं." तो विषय तिथेच संपला.

दर बाजाराला तिचा पहिला प्रश्न आता फळ्याचा नसायचा. "पोचले काय?" असं विचारायची. मी म्हणायची, अजून नाई, माय. असे कितीतरी बाजार झाले. उन्हं चढली, मोहाचे दिवस आले. एके दिवशी मी तिसऱ्यांदा पोस्टातून हात हलवत परत येत होते. डोकं तापलेलं, चप्पल तुटलेली. तिनं दुरूनच विचारलं, "पोचले काय, बाई?"

"पोचले माय, पोचले!"

असं वाटेल की जीभ घसरली. नाही घसरली. तिचा चेहरा उजळलेला दिसला आणि मला बरं वाटलं.

"काय म्हनले थे?"

"कोण?"

"लेकरं."

"गोड आहे म्हणाले भात," मी म्हणाले. एकदा सुरुवात झाली, की पुढचं आपोआप सुचतं. "दोनदा मागून घेतला."

ती एवढी हसली, की पदर तोंडाला लावला. पुढच्या बाजाराला तिच्याबरोबर तिच्या गावच्या आणखी चार बाया आल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर गाठोडं. आजूबाजूच्या गावांनीही दिलं होतं. लेकरांना आवडला ना भात, म्हणून.

आम्हा फळ्यासमोर उभं राहणाऱ्या बायकांत एक निवृत्त नर्स आहे, माझी जुनी मैत्रीण. तिनं नवी गाठोडी खोलीत ठेवली, जुन्या पोत्यांत कडुलिंबाचा पाला खुपसला आणि बाहेर येऊन मला विचारलं, "यायले काय सांगतलं तू?"

मी सांगितलं. रविवारी वंदनेत पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं, तेव्हा तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, एवढंच. मोबाइलवर आलेलं पुढे ढकलू नका, खात्री करा, म्हणून गावभर मी लोकांच्या अंगावर ओरडत फिरायची. आणि युद्धाची एक अख्खी खोटी बातमी मीच तयार केली होती, मुलांच्या तोंडच्या वाक्यांसकट. मला माझी लाज वाटली. पण लाज वाटूनही मी आणखी दोन बाजार गप्प राहिले, हेही लिहायला हवं.

बुद्धपौर्णिमेच्या आधीच्या बाजाराला मी फळा पूर्ण पुसला. क्रिकेटचा कोपरासुद्धा. मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'दुरुस्ती. युद्धातल्या मुलांसाठी दिलेले तांदूळ पोचले, असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. सगळे तांदूळ विहाराच्या खोलीत आहेत.' खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि खुर्ची घेऊन शेजारी बसले. लोक येऊन वाचत होते. किराणावाला दोनदा येऊन वाचून गेला आणि दुकानातला टीव्ही बंद केला. ते मला फार झोंबलं.

म्हातारी आली. टोपली उतरवली. "जोहार बाई. आज तं मोठं मोठं लिवलं. काय हाय?"

मला वाटलं होतं, लिहून टाकलं की सुटले. पण हिला तर वाचून दाखवायचं होतं. मी उभी राहून वाचलं. खालच्या माझ्या नावासकट.

ती माझ्यावर ओरडेल, गाठोडी परत मागेल, असं मी धरून चालले होते. तिनं फळ्याकडे बघतच विचारलं.

"मंग थे लेकरं अजून उपाशीच हाय?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"आन मी इतके दिवस निजून राह्यली होती घरी, आरामात."

तिनं टोपली पुन्हा डोक्यावर घेतली आणि बाजार न करताच निघून गेली. माझ्या आयुष्यात मला अनेकांनी अनेक शिव्या दिल्या, पण एवढं काहीच लागलं नाही.

त्या दिवशी कुणीतरी फळ्याचा फोटो काढला होता. तो मोबाइलवरून मोबाइलवर गेला, ज्या ढकलाढकलीवर मी दात खाऊन होते त्याच वाटेनं. आठवडाभरात नागपूरहून फोन आला. माझा एक जुना विद्यार्थी तिथल्या कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे.

"बाई, तुमच्या फळ्यावर ज्याचं युद्ध असतं, त्या देशाची पोरं आमच्याकडे शिकतात. घरून काहीच येत नाही आता. खोलीत दहा-दहा जण राहतात, एक वेळ जेवतात. तांदूळ खरंच आहेत का?"

"आहेत," मी म्हणाले आणि मला पहिल्यांदा हसू आलं. "ये आणि मोजून घे."

बाजाराच्या दिवशीच ये, असं मी त्याला बजावलं. तो पिकअप घेऊन आला आणि सोबत एक पोरगा घेऊन आला. उंच, सडसडीत, शर्टाच्या बाह्यांची बटणं मनगटाशी लावलेली. मोडकं हिंदी बोलायचा, बाकी इंग्रजी. नर्सनं सकाळीच त्या तांदळातला भात शिजवून ठेवला होता, बरोबर वरण आणि वांग्याची भाजी. म्हातारी बाजारात आपल्या जागी येऊन बसली होती, तिला बोलवायला मी स्वतः गेले. ती उठेचना.

"थो त्याच देशाचा हाय, हे कोन म्हनते?"

"मी म्हणते."

"तू तं मागंही म्हनली होती."

मी म्हटलं, "तूच विचार त्याले. मी फक्त त्याचं बोलनं तुले सांगीन."

ती आली. विहारातल्या सतरंजीवर त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि तपासणी सुरू झाली. तुझ्या घरी कोन कोन? आई, दोन बहिणी. माय काय करते? भेंडी कापून छपरावर वाळवते, वर्षभरासाठी. आता करून राह्यली काय? माहीत नाही, चार महिने फोन लागला नाही. बापाचं काय झालं, हे तिनं विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही. मी उत्तरं सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडे बघत होती. एवढ्या वर्षांत युद्धावरचे इतके कागद वाचले, पण असे प्रश्न विचारलेले मी कुठे वाचले नव्हते.

नर्सनं ताट वाढलं. त्यानं आधी पाहुण्यासारखं हळूहळू खाल्लं. मग घाई झाली. दुसऱ्यांदा भात वाढला, तो संपला. तिसऱ्यांदा वाढला, तो त्यानं मान खाली घालूनच संपवला. पाणी प्याला. आणि मग, आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं वाटून असेल, ताटाभोवती सतरंजीवर सांडलेली शितं तो एकेक करून वेचू लागला. सतरंजीच्या विणीत अडकलेलं एक शीत निघेना. त्यानं ते नखानं काढलं आणि तोंडात टाकलं.

म्हातारीनं माझं मनगट घट्ट धरलं.

"पोचले," ती म्हणाली. "पोचले, बाई. लिव आता."