चांगुणाबाईचं बसणं

त्या वर्षी, १९९९ साली, नवरात्राच्या तोंडावर आमच्या सिडकोत एक बातमी घरोघर फिरली: चांगुणाबाई बागूल ध्यानाला बसली की जमिनीपासून वीतभर वर उठते. कुणी म्हणे, खालून वर्तमानपत्र सरकवून पाहिलं. मी तिची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, तेव्हा माझं ऐका. उठते हे खरं, पण पायांनी, आणि दर दोन मिनिटांनी. या बाईला खाली बसवणंच अवघड!

ती कळवणकडची. नवरा भिकन सातपूरच्या कारखान्यात. ही ताटावर बसली की एक घास खाऊन ओटा पुसायला उठणार, परत बसली की दारातल्या चपला सरळ करायला उठणार. लग्नाच्या पंगतीत हिच्या शेजारी बसलं तर आपली पत्रावळ हलायची. हळदीकुंकवाला आली तर उभ्यानंच वाण घेऊन पुढच्या घरी. आम्ही हसायचो, पण तिला काही हसू यायचं नाही.

"पायात वारूळ हाय गं माझ्या," म्हणायची. "बसले की मुंग्या निघत्यात."

डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. त्या खाऊन ती आणखी जोमानं फिरायला लागली.

मग गणपती मंदिरामागच्या हॉलमध्ये शेखर सरांचा योगाचा वर्ग सुरू झाला. सर बँकेची नोकरी सोडून हृषीकेशला एक हिवाळा काढून आलेले. आवाज मात्र हिमालयातच जन्मल्यासारखा. कण्याच्या तळाशी, मूलाधारात, शक्ती वेटोळं घालून झोपलेली असते, तळाचे स्नायू आवळून मूलबंध लावला आणि भस्त्रिकेच्या श्वासाचा भाता चालवला की ती जागी होते आणि चक्राचक्रानं वर चढते, असं ते तंत्रशास्त्र समजावून सांगत. आम्ही बायका अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी एकमेकींच्या साड्या बघायचो. चांगुणाबाई मात्र पहिल्या आठवड्यातच हलायला लागली. आधी कमरेत ऊब, मग ती ऊब सरसरत मानेपर्यंत. हात आपोआप वर, मान जात्यासारखी गोल गोल. आणि ते ओसरलं की ही बाई चक्क बसून राहिली! पायाचं बोटसुद्धा हलेना. वर्ग सुटला, सतरंज्या गुंडाळून झाल्या, हिची हिच्याखाली तशीच.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काय नाय. मुंग्या गेल्या," ती म्हणाली, आणि अशी हसली की मला जरा हेवाच वाटला.

तेव्हापासून रोज सकाळी ती घरीही पोतं अंथरून बसायला लागली. तेवढा एक तास तिला हवा होता, बाकी काही नाही.

पण गल्ली आमची! समोरच्या घरातल्या वत्सलाबाईंनी वर्गात ती मान फिरताना पाहिली आणि ओरडल्या, "गडावरची माय आली!" धावत जाऊन घरून नारळ, खण, हळदकुंकू आणलं आणि मूलबंध लावलेल्या बाईची तिथेच ओटी भरली. "माय, आमच्या सुनीलला नोकरी लागंल का?" गोल फिरणाऱ्या मानेत होकार असतो तसा नकारही असतो. वत्सलाबाईंनी होकार उचलला. पुढच्या मंगळवारी चांगुणाबाईच्या दारात चपलांचा ढीग.

"माझ्या चुलतीच्या अंगात यायचं तवा ती लिंबू मागायची," चांगुणाबाई माझ्यापाशी वैतागली. "मला चहा प्यावा वाटतो. ही कसली देवी?"

"नव्या जमान्याची," मी म्हटलं. तिनं लाटणं उगारलं.

इकडे सरांनी वेगळाच निकाल दिला. "कुंडलिनी जागृत झाली आहे. जागी झालेली शक्ती गुरूशिवाय घरात हाताळायची नाही. घरचं बसणं बंद. नवरात्रातल्या शिबिरात मंचावर बसा, लोकांना प्रचिती येऊ दे."

झालं. घरात उजाडल्यापासून बायका, वर्गात सरांचा डोळा. मुंग्या परत आल्या. भाकरी करपायला लागल्या, ओले कपडे दोरीवरून काढून पुन्हा वाळत घातले जाऊ लागले, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा सुरू झाल्या. भिकन मात्र खुशीत. त्याला लोक आता 'भिकनराव' म्हणत होते.

"बस की घडीभर त्यांच्यासमोर," तो म्हणाला. "तुझं काय जातं?"

"माझं बसणं जातं."

नवरात्रातल्या मंगळवारी दोन्ही पक्ष एकदमच दारात. बायका ओट्या घेऊन, सर हार आणि रिक्षा घेऊन.

"सर, आधी आमची ओटी!"

"ताई, ही मूलाधारातून उठलेली शक्ती आहे."

"कुठलं मूलाधार? गडावरून आलीय ती!"

"अहो, शास्त्रात स्पष्ट..."

"शास्त्र ठेवा बाजूला. पाया पडा आधी, कोपली तर?"

"दोघांनाही येळ वाटून देऊ की," मध्येच भिकनराव.

तेवढ्यात काखेत पोतं धरून चांगुणाबाई उंबऱ्यावर आली. उभ्या जागी पाय थुईथुई हलत होते. वत्सलाबाई कुंकवाचं बोट घेऊन सरसावल्या, सरांनी हार उचलला. तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"देवी असंल तर तिला गडावर जाऊन भेटा. कुंडलिनी असंल तर सरांनी आपल्या कण्यात शोधावी. माझ्या अंगात मी ऱ्हाते. सरका, मला बसायचं हाय."