तोंडं नसलेले शत्रू

ओस्वेल सांतियागोमधल्या एका सरकारी गोदामाचा पहारेकरी होता. चाळिशी उलटली होती. गोदामात राखण्यासारखं फारसं काही नसे, त्यामुळे त्याच्या शौर्याला तिथे वावच मिळाला नाही. मग तो ते घरी घेऊन आला आणि आईच्या लॅपटॉपवर गाजवू लागला.

लॅपटॉप आईचाच, म्हाताऱ्या एनेइदाचा. तिला मोतीबिंदू. फोनच्या टिचभर पडद्यावर तिला काही दिसत नसे, म्हणून परदेशात, टँपाला राहणाऱ्या मुलीने, मयेलिनने, कुणा येणाऱ्या बाईच्या हाती हा जुना, रुंद पडद्याचा लॅपटॉप पाठवला होता. रविवारी आईने त्यावर लेकीला बघायचं, एवढंच त्याचं काम. बाकीचा आठवडा तो ओस्वेलच्या तावडीत असे.

त्याने त्यात डिस्कवरून आणलेला बंदुकांचा अवाढव्य गेम कोंबला. पहिला रणगाडा दिसताच लॅपटॉप धापा टाकू लागला. मग ओस्वेलने गवत काढलं, सावल्या काढल्या, धूर काढला, शेवटी माणसांचे चेहरेही काढून टाकले. तेव्हा कुठे युद्ध रखडत सुरू झालं. घरातला एकुलता एक पंखा लॅपटॉपकडे वळला आणि आई पुठ्ठ्याने वारा घेत बसली.

"ह्या माणसांना तोंडं का नाहीत रे?" तिने एकदा पडद्याला नाक लावून विचारलं.

"तोंडं काढली म्हणून तर चालतंय, आई."

"मग शत्रू कोण ते कळतं कसं?"

"हलेल त्याला मारायचं."

"छान. तुझ्या वडिलांना हे बघायला मिळालं नाही, नशीबवान माणूस," ती म्हणाली.

गल्लीतल्या डॉमिनोच्या टेबलावर मात्र ओस्वेलच्या बढायांना ऊत येई. शेजारचा रुपेर्तो सोंगट्या ढवळत एकदा म्हणाला, "कॉम्पाय, दोस्ता, त्या डबड्यावर गेममधली शेवटची लढाई होणार नाही. तू आपला गोदामातल्या उंदरांवर नेम धर." सगळे हसले. ओस्वेलला ते फार झोंबलं. "रविवारी दुपारी ये घरी. दाखवतो," तो म्हणाला.

त्याच रविवारी संध्याकाळी मयेलिन आपली तान्ही मुलगी पहिल्यांदा दाखवणार होती. एनेइदाची ही पहिलीच नात. तिने सकाळीच केस धुतले, गळ्याला पावडर लावली, ठेवणीतल्या कुड्या घातल्या.

"आज त्याला हात लावू नकोस, ओस्वेल."

"संध्याकाळला अवकाश आहे, आई. मला कळतं ह्यातलं."

त्याला किती कळत होतं ते लवकरच दिसलं. रुपेर्तो येऊन बसला, लढाई सुरू झाली आणि लॅपटॉप तव्यासारखा तापून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. रुपेर्तो मिशीत हसला. ते हसू ओस्वेलला सहन होईना.

वीज गेली तर असावं म्हणून तिथे प्रत्येक घरात बाटल्यांत पाणी भरून बर्फ करून ठेवतात. ओस्वेलने फ्रीजरमधल्या सगळ्या बाटल्या काढल्या, आडव्या मांडल्या आणि लॅपटॉप वर ठेवला. आता तो सुरेख चालू लागला. बिनतोंडाची माणसं भराभर पडू लागली.

"काय रुपेर्तो? उंदीर का?" ओस्वेलने मान वळवून विचारलं. ऑगस्टची दमट दुपार होती. थंडगार लॅपटॉपला आतून बाहेरून दव सुटलं होतं, कळफलकावर थेंब जमले होते. ह्या शूर वीराने ते आपल्या घामाचे समजून बाहीने पुसले आणि खेळत राहिला.

शेवटचा शत्रू समोर आला आणि पडदा काळा झाला. आतून जळका वास आला. रुपेर्तो उठला, "म्हातारीला काय सांगशील?" एवढंच म्हणाला आणि निघून गेला. आता तो हसतही नव्हता.

संध्याकाळी ओस्वेलचा फोन वाजला. एनेइदा खुर्चीत ताठ बसली होती. त्याने फोन तिच्या हातात दिला. तिने तो जवळ धरला, दूर धरला, दिव्याखाली नेला. पलीकडून मयेलिन म्हणत होती, "आई, बघ, हनुवटी अगदी तुझी आहे ना?"

"हो गं, अगदी माझीच," एनेइदा म्हणाली आणि तिने फोनवर हात फिरवला.

मग फोन छातीशी धरून ती हळू आवाजात मुलाला म्हणाली, "हिलाही तोंड नाही रे. नुसती हलतेय."