हळदकुंकू लावलेले इअरबड्स

दसऱ्याच्या दुपारी आमच्या विक्रोळीच्या घरात वेळ जरा रेंगाळतो. जेवण अंगावर आलेलं असतं, दारावरच्या तोरणातला झेंडूचा वास पंख्याच्या वाऱ्याने खोलीभर फिरत असतो आणि पाटावर मांडलेली हत्यारं फुलांखाली झोपल्यासारखी दिसतात. बाबांचे पाने, पक्कड, आईची विळी, मिक्सर. बाबांचं सगळं आयुष्य कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांपुढे गेलं. ज्याच्यावर पोट चालतं त्याला दसऱ्याला हळदकुंकू लागलंच पाहिजे, आणि पूजेला मांडलेलं हत्यार दुपार टळेपर्यंत उचलायचं नाही, हे त्यांचे दोन नियम निवृत्तीनंतरही सुटले नाहीत.

त्या वर्षी सकाळी हातात कुंकवाचा करंडा घेऊन त्यांनी मला विचारलं, "तुजा हत्यार खयचा गो?"

मी घरी बसून लोकांची ध्वनिमुद्रणं ऐकते आणि टाइप करते. मस्करीत मी लॅपटॉप आणि इअरबड्स दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले. "हे घ्या. कानांवरच तर पोट चालतं माझं." बाबा हसले नाहीत. त्यांनी पाटावर आणखी दोन झेंडू वाढवले.

त्या दिवशी त्यांना गावी असायचं होतं. दरवर्षी दसऱ्याला देवळासमोर मोठे काका गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतात. एकेका मागणीला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्यातला पहिला आवाज बाबांचा. काकांच्या डाव्या हाताला उभं राहून ते तो देत आले, नोकरीत असताना रजा काढून. यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ते घरात अडकले होते. आणि यंदाचं गाऱ्हाणं काकांचं शेवटचं होतं, पुढच्या वर्षी मान त्यांच्या मुलाकडे जायचा होता.

चुलत बहीण देवळातून व्हिडिओ कॉल करणार होती. पण प्रेसच्या दणक्यांनी बाबांचा उजवा कान पार गेलेला, डावा अर्धामुर्धा. स्पीकरवर त्यांना नुसता कालवा कळतो, शब्द कळत नाहीत. माझे बड्स घातले की कळतात, हे आम्ही आदल्या दिवशी पाहून ठेवलं होतं.

चार वाजता कॉल आला. मी लॅपटॉप पाटावरून उचलला, घाईघाईत न बघताच बाबांच्या कानांत बड्स बसवले. पडद्यावर देऊळ उमटलं. पारावरचं ऊन, माणसांची दाटी, मध्ये पांढऱ्या धोतरातले काका. त्यांचे ओठ हलत होते.

"आवाज नाय," बाबा म्हणाले.

आवाज पूर्ण वाढवला. नाही. सेटिंगमध्ये पाहिलं, आवाज बड्सकडेच जात होता. तिथली हिरवी पट्टी काकांच्या श्वासाबरोबर वर-खाली होत होती. बड्स लॅपटॉपपासून तोडले की त्याच्यातून देवळाचा गलका येई, जोडले की पुन्हा सगळं मुकं. यादीतून काढून नव्याने जोडले. लॅपटॉपने सांगितलं, जोडले गेले. मी लॅपटॉपला ज्या शिव्या घातल्या त्या दसऱ्याला शोभणाऱ्या नव्हत्या.

त्या मुक्या चित्राकडे बघताना मला कसलीशी गुंगी आली. इतक्या लांबून आवाज आमच्या खोलीपर्यंत आला होता, बाबांच्या कानाशी उभा होता, आणि आत शिरत नव्हता. काका एक मागणी मागायचे आणि थांबायचे. मान जराशी डावीकडे वळवायचे. तिथे कोणी नसायचं. मग गर्दीचे हात वर जायचे आणि काका पुढे बोलायचे. बाबा ते बघत होते. मला रडू यायला लागलं.

"बाबा, लॅपटॉपची वाट लागलीय. बंद करून चालू करते."

"गप ऱ्हव. बटनांकडे मगे बघ. आदी मशीन बघूचा." त्यांनी एक बड कानातून काढला, उजेडात धरला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "अरे देवा."

बडच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते, जिथून आवाज बाहेर येतो, नेमकी तिच्यावर हळदकुंकवाची बोटं उमटली होती. पाण्यात कालवलेलं, ठसठशीत, दिवसभरात वाळून कडक झालेलं. दुसऱ्यावरही तेच.

"तिथेच कशाला लावलंत?"

"मगे खय लावतलंय? प्रेसच्यापण तोंडाकच लावतंव आमी."

त्यांनी आईचा जुना टूथब्रश मागवला. बड उलटा धरून, म्हणजे भुकटी आत पडणार नाही असा, ते हळूहळू घासू लागले. मांडीवरच्या टॉवेलवर लाल-पिवळी पूड पडत होती. मी घाई करत होते, ते करत नव्हते. डावा बड काही सुधारला नाही. उजवा बोलू लागला, पण त्या बाजूचा कान बहिरा. तेव्हा बाबांनी उजवाच बड डाव्या कानात उलटा खुपसला आणि पडू नये म्हणून बोटाने दाबून धरला.

आणि त्यांचा चेहरा बदलला. खिडकीबाहेर खाडीकडचं आभाळ पिवळं झालं होतं आणि बाबा खोलीत नव्हतेच, ते पारावर होते. मी वाकून त्या बडला कान लावला. आतून काकांचा घोगरा आवाज झिरपत होता.

"आनि मुंबयत जो माझो धाकटो भाव पाय घेवन बसलो हा, तेका फुडल्या वर्सा माझ्या बाजूक उभो कर रे म्हाराजा..."

काका थांबले. मान डावीकडे वळली.

"व्हय म्हाराजा!" बाबा असे ओरडले की स्वयंपाकघरातून आई धावत आली.

पलीकडे बहिणीच्या फोनमधून तो आवाज पारावर पोचला असावा. काकांनी डावीकडची मान सावकाश फोनकडे वळवली. गर्दी अजून गप्प होती. काकांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, घसा खाकरला आणि पुढची मागणी मागायला सुरुवात केली.